उतरलेल्या भावाची गाडी

गाडी विकत घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. पुण्यात बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढल्यावर मी हे स्वतंत्रपणे सुरू केलं. पैसे देतो तो घेणारा. विकणाऱ्याकडून मी चहाच्या पलीकडे काही घेत नाही. हॅचबॅकपासून एसयूव्हीपर्यंत सगळ्या गाड्या बघतो, पण गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या गाड्यांसाठी येणारे फोन खूप वाढलेत. चार दारं, मोठी डिकी, आई-वडील आणि मुलांना घेऊन कोकणात जाता येईल एवढी जागा, आणि बॉनेटखाली मात्र एक्सप्रेस वेवर अंगावर काटा आणणारं इंजिन. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, बीएमडब्ल्यूची एम ३४० आय, ऑडीची एस ४, व्होल्व्होची एस ६० पोलस्टार, मर्सिडीजच्या एएमजी सेडान. नव्या घ्यायच्या म्हटल्या तर या आवाक्याबाहेर. पाच-सात वर्षांनी मात्र पगारदार माणसालाही हिशेब जुळेल असं वाटू लागतं.

तो हिशेब जुळतोही, हे मी आधीच सांगतो. कारण या गाड्यांविषयी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, अर्ध्या किमतीत मिळतेय, डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो, हात लावू नकोस, धुऊन निघशील. दोन्ही मला पटत नाहीत. रोज या गाड्यांखाली आडवा होऊन मला जे समजलं ते असं: भाव उतरणं आणि गाडी उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोघी एका वेगाने चालत नाहीत. कधी भाव पुढे पळतो आणि गाडी मागे ठणठणीत उभी असते. कधी उलट असतं. पहिली गाडी कोणती आणि दुसरी कोणती, एवढं ओळखण्याचेच पैसे मी घेतो.

आधी भाव का उतरतो ते बघू. एम ३४० आय मार्च २०२१ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ६२ लाख ९० हजार. चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स. त्यात विमा धरला की रस्त्यावर येईपर्यंत सत्तरी ओलांडली. हा टॅक्स पहिल्या मालकाच्या खिशातून गेला, आणि त्याच राज्यात गाडी दुसऱ्याच्या नावावर होते तेव्हा तो पुन्हा भरावा लागत नाही. म्हणजे शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडताक्षणी आठ लाखांच्या वर रक्कम अशी गेली, जी परत मिळायची नाही. दुसऱ्या मालकाचा पहिला फायदा तिथेच सुरू होतो.

विम्याचा तक्ताही तेच सांगतो. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती किंमत, पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी खाली येते, वर्षाच्या आत पंधरा टक्के, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस आणि पाचव्या वर्षात पन्नास. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. हा झाला कागद. बाजार या कागदाला धरून चालतोच असं नाही. एम ३४० आयला आयडीव्हीपेक्षा बराच वरचा भाव मिळतो, कारण मागणी आहे. त्याच वयाच्या मोठ्या आलिशान सेडानला मात्र कागदावरचा भावही मिळता मिळत नाही. या गाड्यांचा मोठा हिस्सा कंपनीच्या नावावर घेतलेला असतो; दरसाल पंधरा टक्के घसारा दाखवला जातो, वॉरंटी संपत आली किंवा नवं मॉडेल आलं की मालक गाडी काढतो. त्याला विकायची घाई असते आणि त्याच महिन्यात तशाच आणखी चार गाड्या बाजारात आलेल्या असतात. यात गाडीचा काही दोष नसतो.

सरकारी निर्णयानेही भाव हलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून जवळपास पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा सरसकट चाळीस टक्क्यांवर आला. नव्या गाड्या लाखांनी उतरल्या, आणि त्यांच्याबरोबर जुन्याही. त्या दिवसांत अनेक विक्रेते जुन्याच भावाला धरून बसले होते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो, आधी आजची नवी किंमत बघा, मग जुनीचा भाव बोला.

हे सगळं झालं बाजाराचं. आता गाडीकडे येऊ.

तपासणीसाठी मी सकाळची वेळ मागतो आणि मी येईपर्यंत गाडी चालू करू नका असं सांगून ठेवतो. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागला तर शांतपणे विचारतो, आणि जमत असेल तर दुसऱ्या दिवशी येतो. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही. स्टार्टर फिरतो, तेल वर पोहोचेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत टायमिंग चेनचा ताणक ढिला असेल तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि लगेच बंद होतो. तो ऐकण्यासाठी मी सगळ्यांना गप्प राहायला सांगतो. त्याच वेळी मदतनीस मागे सायलेन्सरपाशी उभा असतो: निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत शिरतंय, आणि डोळे चुरचुरतील असा कच्च्या पेट्रोलचा वास म्हणजे कोणीतरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलाय.

मग रंग. मायक्रॉन मोजायचं यंत्र प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवतो. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. अडीचशे-तीनशे दिसलं तर पत्रा पुन्हा रंगवलाय. सातशे-आठशे दिसलं तर खाली लांबी भरलीय. पुन्हा रंगवलेलं दार म्हणजे पाप नव्हे. पुण्याच्या रहदारीत दाराला ओरखडा न पडता सहा वर्षं गेलेली गाडी मिळणं अवघड. पण छताच्या खांबावर किंवा डिकीच्या फरशीत जाड रंग निघाला, फेंडरच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा असल्या, तर मी गाडी उचलून चेसिस बघितल्याशिवाय एक शब्द बोलत नाही.

टायरवर तर मालकाचा स्वभाव लिहिलेला असतो. बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर एका कंपनीचे, एका वयाचे आणि चांगल्या प्रतीचे असतील तर माझा जीव निम्मा भांड्यात पडतो. पुढे एका ब्रँडचे, मागे दुसऱ्याचे, त्यातला एक नऊ वर्षांचा, असं असेल तर समजायचं की या मालकाने तीनशे-चारशे हॉर्सपॉवरची गाडी घेतली आणि जिथे ती ताकद रस्त्याला टेकते तिथेच पैसे वाचवले. अशा माणसाने गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

शेवटी स्कॅनर. इथे बहुतेक गिऱ्हाइकं माझ्या खांद्यावरून डोकावून बघतात, आणि मी त्यांना जवळ बसवून दाखवतो. इंजिनमध्ये एकही फॉल्ट कोड नाही, याचा अर्थ सगळं चांगलं असा होत नाही. काही चाचण्या गाडी स्वतःच चालता चालता पूर्ण करते. कोड पुसला की त्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कोड नाहीत आणि चाचण्याही अपूर्ण आहेत, तर कोणीतरी काल-परवाच पाटी कोरी केलीय.

ठाण्याच्या एका जोडप्यासाठी मी मुंबईच्या उपनगरात एक जर्मन सेडान बघितली. गडद निळा रंग, सुंदर पॉलिश, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. इंजिन गोड चालत होतं. दोघांनी टोकन द्यायची तयारीही केली होती. मी एबीएसच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरलो, तिथे एका चाकाच्या सेन्सरचा जुना फॉल्ट पडून होता. असा फॉल्ट साठवताना गाडी त्या क्षणाचं किलोमीटरही टिपून ठेवते. तिथे आकडा होता ७१ हजार. मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डवरचा आकडा बदलला होता, पण गाडीच्या एका कोपऱ्यातली ही नोंद त्याच्या हातून सुटली होती. विकणारा म्हणाला, "साहेब, आम्ही जशी आली तशीच विकतो." त्या बाईंनी मला विचारलं, "पण दादा, ७१ हजार म्हणजे गाडी खराब झाली का?"

अजिबात नाही. ७१ हजार चाललेली सहा सिलिंडरची गाडी म्हणजे उमेदीतली गाडी. पण या गाड्यांची सगळी देखभाल किलोमीटरवर बांधलेली असते. किलोमीटरच खोटे निघाले की गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं होतं, प्लग किती चालले, कूलंट किती जुनं, यातलं काहीच खात्रीने सांगता येत नाही. जुनी गाडी घेताना आपण तिचा इतिहास विकत घेत असतो. त्या गाडीला इतिहासच उरला नव्हता. ती सोडा, असं मी सांगितलं, आणि त्यांनी सोडली.

यंत्राचं म्हातारपण कसं येतं, हेही समजून घ्यायला हवं. लोकांना वाटतं की ताकदवान इंजिन लवकर खलास होतं. सहसा इंजिनचा गाभा शेवटी जातो. आधी जातं ते त्याच्याभोवतीचं प्लास्टिक आणि रबर. टर्बो इंजिनच्या बॉनेटखाली उष्णता भयंकर असते. कूलंटचे प्लास्टिकचे जोड, थर्मोस्टॅटची बैठक, वॉटर पंप, ऑइल फिल्टरच्या बैठकीचं गॅस्केट, व्हॉल्व्ह कव्हर हे सगळं सहा-आठ वर्षांत कडक होऊन तडकतं, मग गाडी दहा हजार चाललेली असो की लाखभर. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून तिथे काजळीचा थर साचतो. तो काढायला अक्रोडाच्या कवचांची भुकटी दाबाने मारतात. आपल्या स्पीडब्रेकरांवर लोअर आर्मचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर आधी जातात. खालून बघताना इंजिनच्या सम्पला घासल्याची खूण नाही अशी बसकी गाडी मला क्वचितच मिळते.

गिअरबॉक्स हा स्वतंत्र विषय. व्हीआरएसमधला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, मजबूत आहे, पण दर साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर मागतो. सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी वेगळा; दोघांना एकच समजून घाबरणारे आणि एकच समजून बिनधास्त राहणारे, दोन्ही मला भेटतात. बीएमडब्ल्यूमधला झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक तर माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतल्या उत्तम यंत्रांपैकी एक. त्याचं तेल आयुष्यभर चालतं असं सांगितलं जातं. ते आयुष्य पहिल्या मालकाचं. दुसऱ्या मालकाने लाखाच्या आतच ते बदलावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता पेट्रोलची काळजी नवी आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या, दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या. यावर मी घबराट पसरवत नाही. इंधनाच्या नळ्या आणि सील बघतो, मालकाने कोणतं पेट्रोल भरलं ते विचारतो, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका असं सांगतो. उभी राहिलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त कुरकुरते, हा माझा पक्का अनुभव.

हिंजवडीत काम करणारा एक तरुण त्याच्या आईला घेऊन माझ्याकडे आला. त्याला मर्सिडीजच्या सी ६३ एएमजीची जुनी पिढी हवी होती. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बोशिवाय ४५७ हॉर्सपॉवर, आणि एका कारागिराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवून वर स्वतःच्या सहीची पट्टी लावलेलं. त्याचे डोळे चमकत होते आणि त्याचं बरोबर होतं. असं इंजिन पुन्हा होणार नाही. आईने मात्र मला एकच प्रश्न विचारला, "दादा, एवढी भारी गाडी एवढ्या स्वस्तात का विकतात हो?"

या धंद्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच. मी दोघांना बसवून सांगितलं. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांची उतरली नाही. कोटीच्या घरातली गाडी वीस-पंचवीस लाखांना मिळाली तरी ब्रेकच्या डिस्क कोटीच्या गाडीच्याच लागतात, टायरही तसेच, आणि विम्यात ठरावीक वयानंतर शून्य घसाऱ्याचं कवच मिळणं कठीण होतं. मग रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून. हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. शिवाय प्रत्येक मोठ्या इंजिनाची आपली काही जुनी दुखणी असतात. त्या व्ही-८ च्या सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडर हेडचे बोल्ट तुटून कूलंट आत जाण्याचा धोका असतो आणि कॅमशाफ्टचे ॲडजस्टर झिजतात. बीएमडब्ल्यूच्या २००५ ते २०१० मधल्या एम ५ चं दहा सिलिंडरचं, ५०७ हॉर्सपॉवरचं इंजिन जगभर नावाजलं गेलं, आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या झिजेसाठी जगभर धास्तीचंही ठरलं. ही दुखणी माहीत असतात, त्यांवर इलाजही आहेत, पण इलाजाचे पैसे गाडी घेताना बाजूला ठेवलेले असावे लागतात.

माझा ठोकताळा असा: खरेदीच्या किमतीच्या निदान पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ती गाडीचीच समजायची. मोठ्या व्ही-८, व्ही-१० ला याहून जास्त. ती ठेवून गाडी परवडत असेल तर परवडते. ती धरली की हिशेब बिघडत असेल, तर गाडी अजून परवडत नाही. त्या तरुणाचा हिशेब बिघडत होता. तो नाराज झाला, पण त्याने घाई केली नाही. पुढे त्याने सहा सिलिंडरची एक सेडान घेतली, आणि तिच्या पहिल्या मोठ्या सर्व्हिसचे पैसे त्याच्याकडे तयार होते. आई प्रत्येक दिवाळीला मला फराळ पाठवते.

आता भाव आधी पळालेला असतो आणि गाडी ठणठणीत असते, तशा एका गाडीबद्दल सांगतो. ऑक्टाव्हिया व्हीआरएसची २३० हॉर्सपॉवरची आवृत्ती २०१७ मध्ये साडेचोवीस लाखांच्या आसपास आली. नंतर २०२० मध्ये २४५ हॉर्सपॉवरची आली, ३६ लाखांची आणि मोजून दोनशे. पहिलीतली एक छत्रपती संभाजीनगरला विकायला होती. मालक वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. घेणारा पुण्याचा, वयाने पंचविशीचा.

मालकाने आधी चहा दिला आणि मग एक जाडजूड फाइल समोर ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, तारखेच्या क्रमाने, आणि प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेले किलोमीटर. डीएसजीचं तेल साठ हजाराच्या थोडं आधीच बदललेलं. थर्मोस्टॅटची प्लास्टिकची बैठक गळू लागली तेव्हा वॉटर पंपासकट बदललेली, जुना भाग डिकीत खोक्यात ठेवलेला. चारही टायर एका तारखेचे. माझं यंत्र डाव्या मागच्या दारावर २८० मायक्रॉन दाखवणार, हे त्यांनी मी मोजण्याआधीच सांगितलं: सोसायटीच्या गेटने दार चेपलं होतं, हे त्याचं बिल. टेस्ट ड्राइव्हवर ते मागे बसले. आम्ही जालना रस्त्यावरून परत आलो तेव्हा मुलगा लगेच इंजिन बंद करायला गेला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब बाळा. गाडी दामटलीस ना? टर्बो तापलाय. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आणायची, नाहीतर मिनिटभर तशीच चालू ठेवायची, मग बंद करायची."

मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की भावावर घासाघीस करू नकोस. बाजारात याच वर्षाची गाडी दीड-दोन लाखांनी स्वस्त मिळेल, आणि त्या दीड-दोन लाखांत या फाइलमधली निम्मी कामंही होणार नाहीत. त्याने मागितलेली किंमत दिली. ती गाडी आजही माझ्याकडे वर्षातून एकदा येते, आणि फाइल जाडच होत चाललीय.

भावाचा तळ कुठे असतो, हे मला नेहमी विचारलं जातं. या वर्गातल्या गाड्या सुरुवातीच्या काही वर्षांत सर्वांत जोरात उतरतात, त्यानंतर उतार मंदावतो. काही गाड्या तळाला जाऊन पुन्हा वर येतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या, मॅन्युअल गिअरच्या, ४०० हॉर्सपॉवरच्या बीएमडब्ल्यू एम ५ च्या बाबतीत युरोप-अमेरिकेत तेच झालं. सी ६३ ची नवी पिढी २०२२ मध्ये दोन लिटरच्या चार सिलिंडर हायब्रिडवर गेली. ताकद ६८० हॉर्सपॉवर, आणि भारतात आली तेव्हा किंमत १ कोटी ९५ लाख, पण आठ सिलिंडरचा तो आवाज गेला. तेव्हापासून जुन्या व्ही-८ कडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. तरी माझा सल्ला असा की भाव वर जाईल या आशेवर कोणी गाडी घेऊ नये. चालवण्यासाठी घ्या, जपा, आणि पुढे भाव मिळाला तर तो वरकड समजा.

कागदपत्रांवर दोन शब्द, कारण अनेकांचं तिथेच अडतं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हायपोथिकेशन आरसीवरून उतरलंय का ते स्वतः बघा. परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून मग तुलना करा. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिथून जुन्या गाड्या बाहेर निघतात. त्यातल्या काही उत्तम असतात, फक्त त्यांचा भाव तिथल्या नाइलाजाचा असतो, हे लक्षात ठेवून बोला. आणि पूर बघा. डिसेंबर २०१५ च्या आणि २०२३ च्या चेन्नई पुरात, २०१९ आणि २०२१ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात बुडालेल्या गाड्या टोटल लॉसमध्ये गेल्या. अशा गाड्या लिलावातून धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. मी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा हातभर पट्टा बघतो. तिथला गाळ कोणी धुत नाही. कार्पेटखालचे वायरिंगचे जोड हिरवे पडलेले असले, तर त्या गाडीला कितीही कमी भाव असो, ती महागच.

मला या कामात खरा आनंद कशाचा, तर एखादं अप्रतिम यंत्र योग्य माणसाच्या हाती पडण्याचा. कोणीतरी वर्षानुवर्षं खपून असं इंजिन आखलं, ते सत्तर लाखांना विकलं गेलं, आणि भाव उतरल्यामुळे ते आज एखाद्या शाळामास्तरच्या, बँकेतल्या अधिकाऱ्याच्या, छोट्या कारखानदाराच्या दारात उभं राहू शकतं. घसाऱ्याची ही मोठी देणगी आहे, आणि ती घ्यायला कोणी संकोचू नये. पण पहिल्या मालकाने भावाचा तोटा सोसला, आता काळजी घेण्याची पाळी आपली, एवढं दुसऱ्या मालकाने मनाशी धरावं. यातल्या बहुतेक गाड्या तिसऱ्या, चौथ्या मालकापर्यंत सहज जातील अशा बनवलेल्या आहेत. त्या मधेच संपतात, त्या कोणीतरी एकाने पैसे वाचवायचे ठरवल्यामुळे. म्हणून चावी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच काम सांगतो: आजच एक फाइल घ्या, पहिलं बिल लावा आणि कोपऱ्यात किलोमीटर लिहा. सात-आठ वर्षांनी तुमची गाडी तपासायला कोणीतरी येईल, आणि तेव्हा तुम्ही सांगाल तो भाव त्याला पटला पाहिजे.